दिवाळी कार्डांच्या कोपऱ्यासाठी रोस्कोग ट्रॉली आणि स्कोडिस बोर्ड: कागद सोडून सगळं ठेवा

निकाल आधीच सांगून टाकू. आयकियाची रोस्कोग ही तीन टोपल्यांची लोखंडी ट्रॉली हाताने कार्डं करणाऱ्यांच्या खूप कामाची आहे, फक्त तिच्यात कागद ठेवायचा नाही. स्कोडिस हा भोकांचा बोर्डही चांगला आहे, पण तो घरातल्या योग्य भिंतीवर लागला तरच. इंटरनेटवरच्या सुंदर फोटोंत ट्रॉलीच्या तिन्ही टोपल्यांत रंगीत कार्डशीटच्या चळती दिसतात. ते फोटो कोरड्या हवेतल्या घरांचे असतात. ऐरोली, वाशी, कळवा, कोपरी अशा खाडीलगतच्या घरांत तीच चळत जूनमध्ये ठेवली, तर गणपतीपर्यंत तिचा पापड होतो.

तुर्भ्याचं आयकिया ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे आणि १८ डिसेंबर २०२० पासून सुरू आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे गाठता येतं. ट्रॉली चपट्या खोक्यात सुटी मिळते आणि घरी जोडावी लागते. खोकं लोकलमधून आणता येतं, पण संध्याकाळी सहाच्या गाडीत तो हट्ट करू नये. मापं आणि तपशील निघण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या, मॉडेलमध्ये अधूनमधून बदल होत असतात.

आता मापं. ट्रॉली ३५ सेंमी रुंद, ४५ सेंमी लांब आणि ७८ सेंमी उंच आहे. यातला ७८ हा आकडा महत्त्वाचा, कारण आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंमीची असतात. म्हणजे ट्रॉली टेबलाखाली सरकत नाही. ती टेबलाच्या बाजूलाच उभी राहणार, तेव्हा एक बीएचकेमध्ये कोपरा ठरवताना टेबलाच्या रुंदीत ४५ सेंमी आणखी मिळवून मग जागा मोजा. फायदा असा की वरच्या टोपलीची कड टेबलाच्या पातळीला येते. टेप, फोल्डर (घडी दाबायची चपटी पट्टी), पेन्सिल उचलायला वाकावं लागत नाही आणि टेबलावर कापायची जागा मोकळी राहते.

कंपनी एका टोपलीला ६ किलो आणि सगळ्या मिळून १८ किलो भार सांगते. ३०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारे) शंभर ए-फोर कागद सुमारे १.९ किलो भरतात, म्हणजे एका टोपलीच्या मर्यादेत तीनशेहून जास्त कागद बसतील. अडचण वजनाची नाहीच. टोपलीचा तळ जाळीचा आहे. चळत जड असेल तर खालच्या दोन-चार कागदांवर जाळीची नक्षी उमटते, आणि जाळीतून दमट हवा खालून आरपार फिरते. कागद एका बाजूने जास्त ओल पितो, ती बाजू फुगते आणि कागद दुसऱ्या बाजूला वळतो. मग अशा वळलेल्या कागदावर पुढचं सजावटीचं पॅनेल चिकटवलं की कार्ड टेबलावर सपाट बसत नाही आणि दोष गोंदाच्या माथी मारला जातो.

कागदासाठी घट्ट झाकणाचा, रबरी पट्टीचा प्लास्टिक डबा घ्यावा. ए-फोर आडवा बसेल इतका मोठा आणि दहा सेंमी खोल असला की पुरतो. आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे असतील तर ते कधी सुकवायचे हे डोळ्यांना दिसतं. ते उन्हात ठेवून नीट सुकत नाहीत, सुमारे १२० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दोन तास लागतात. कागदी पुडी मात्र तशीच ओव्हनमध्ये घालू नका, दाणे धातूच्या ताटलीत काढून घ्या, आणि ती ताटली पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. डबा लोखंडी कपाटात, भिंतीपासून बोटभर लांब. जाता जाता: फराळाचा रिकामा डबा या कामाला घेऊ नका. चकलीचा वास कार्डातून महिनाभर जात नाही.

कागद बाहेर काढला की ट्रॉलीत काय राहतं? सगळं चालू काम. इथे ती उत्तम आहे.

तळाच्या टोपलीत जड सामान: पंच, हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र), कटरची सुटी पाती, फेविकॉलची मोठी बाटली. जड माल वर ठेवला की ओढताना ट्रॉली डोलते. हीट गनसाठी लोखंडी टोपली प्लास्टिकपेक्षा केव्हाही बरी, कारण काम संपल्यावर नळी काही मिनिटं चांगलीच तापलेली असते. तरी ती आधी फरशीवर गार होऊ द्या, मग टोपलीत. मधली टोपली वर-खाली करता येते. ती थोडी वर घेतली की खाली उंच बाटल्या उभ्या राहतात. या मधल्या टोपलीत शाईचे पॅड उलटे ठेवा, म्हणजे शाई पृष्ठभागाकडे उतरते आणि पहिलाच ठसा पुसट येत नाही. अल्कोहोल मार्कर आडवे, नाहीतर दुहेरी टोकांपैकी एक सुकतं. पांढरी जेल पेनं टोक खाली करून. वरच्या टोपलीत फक्त आजच्या कामाचं सामान, बाकी काही नाही.

जाळीच्या तळाचा दुसरा उपद्रव म्हणजे टिकल्या, मोती, कुंदन. पाकीट फुटलं की ते थेट खालच्या टोपलीत आणि तिथून फरशीवर. यावर स्वस्त उपाय म्हणजे माउंट बोर्डचा तुकडा तळाच्या मापाने कापून अंथरणं. कोपरे थोडे गोल कापा, नाहीतर बोर्ड तळाला टेकत नाही. बाजू लोखंडाच्या असल्यामुळे चुंबक चिकटतो. कटिंग डाय (कागदाचे आकार कापायचे धातूचे साचे), ब्लेडची डबी, स्टीलची पट्टी चुंबकावर बाहेरून लावली की आतली जागा वाचते. हा उपयोग पेटीवर कुठे लिहिलेला नसतो.

चाकं चारही फिरती आहेत, पण त्यांना ब्रेक नाही. गुळगुळीत टाइल्सवर कापताना कोपर लागलं तरी ट्रॉली वीतभर सरकते. एक बाजू भिंतीला टेकवा, किंवा बाहेरच्या दोन चाकांखाली फर्निचरच्या रबरी वाट्या ठेवा. गॅलरीच्या सरकत्या दाराची पट्टी आणि संगमरवरी उंबरठा ही चाकं भरल्या ट्रॉलीसह ओलांडत नाहीत. ‘हॉलमध्ये काम, रात्री बेडरूममध्ये ढकलून ठेवू’ असा बेत असेल तर मधला उंबरठा आधी बघा.

जोडणीत एकच गोष्ट सांभाळायची. सगळे स्क्रू आधी अर्धेच बसवा, तिन्ही टोपल्या चढवा, ट्रॉली सपाट फरशीवर उभी करा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. एक बाजू आधी घट्ट केली की चौकट तिरपी बसते आणि एक चाक अधांतरी राहतं. डगमगणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांचं कारण एवढंच असतं. पाना निसटून रंग खरवडला तर तिथे लगेच नेलपॉलिशचा एक हात द्या. खाडीच्या हवेत उघड्या लोखंडाला गंज धरायला एक पावसाळा पुरतो, आणि त्या गंजाचा डाग पांढऱ्या लिफाफ्यावरून निघत नाही.

आता स्कोडिस. हा रंगवलेला फायबरबोर्ड, उभट भोकांचा. ५६ × ५६ आणि ७६ × ५६ सेंमी ही मापं घरच्या टेबलामागे बसतात. हुक, डब्या, क्लिपा, छोटी फळी वेगवेगळ्या घ्याव्या लागतात आणि बिल बोर्डाने नाही, या सुट्या भागांनी वाढतं. आधी दोन डब्या आणि पाकीटभर हुक एवढंच घ्या. महिनाभर काम केल्यावर कळतं की हात कुठे जातो.

भिंत कुठली, हा खरा प्रश्न. पश्चिमेची किंवा गॅलरीची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि फायबरबोर्ड ओलीने फुगतो. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. भिंतीत बसवायचे स्क्रू आणि प्लग सोबत येत नाहीत, कारण प्रत्येक भिंत वेगळी. जुन्या सिडको इमारतींत प्लास्टर भुसभुशीत असेल तर नुसत्या खिळ्याच्या भरवशावर राहू नका. प्लास्टर ओलांडून विटेत जाईल इतक्या लांबीचा प्लग आणि हॅमर ड्रिल लागतं. कॉलम किंवा बीम आला तर इलेक्ट्रिशियनला बोलावलेलं बरं, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून वायर जाते. भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांच्या करारात भोकांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मालक नाही म्हणत असेल तर बोर्ड टेबलावर भिंतीला टेकवून, खाली घसरू नये म्हणून पट्टी लावून ठेवता येतो. फक्त मग जड डब्या नकोत.

हुक वरून अडकवायचे असतात, त्यामुळे कात्री घाईत वर ओढली तर हुकही सोबत येऊ शकतो. रोजच्या कात्र्यांसाठी डबी बरी. बोर्डावर टांगायला सर्वांत योग्य वस्तू म्हणजे ए-थ्री कटिंग मॅट. ती ४२ × २९.७ सेंमीची, ट्रॉलीत वाकवल्याशिवाय मावत नाही, आणि वाकवून ठेवलेली मॅट कायमची वाकते. उन्हाच्या खिडकीशी टेकवली तरी तेच. सपाट टांगा, उन्हापासून लांब. रिबिनी आणि वॉशी टेपची (नक्षीदार कागदी चिकटपट्टी) रिळं दांडीवर ओवून लावली की गुंता होत नाही.

ही मांडणी खरी तपासली जाते ती पन्नास कार्डांच्या खेपेत. पाच-सहा कार्डं कुणीही डायनिंग टेबलावर करू शकतो.

खेप मोजताना कागदापासून सुरुवात करा. ए-सिक्स मापाचं, मध्ये घडी घातलेलं कार्ड म्हणजे उलगडल्यावर १४८ × २१० मिमी. दुकानात मिळणारं २० × ३० इंची कार्डशीट दुकानदार सवयीने ए-फोरमध्ये कापून देतो. त्यातून चार ए-फोर, म्हणजे आठच कार्डं निघतात. त्याऐवजी २१० मिमीची बाजू शीटच्या २० इंचांकडे आणि १४८ मिमीची बाजू ३० इंचांकडे धरून कापायला सांगितलं, तर दोन गुणिले पाच, अशी दहा निघतात. पन्नास कार्डांना पाच शीट आणि चुकांसाठी सहावं. जीएसएम २५० ते ३००. दोनशेच्या खालचं कार्ड पणतीशेजारी उभं राहत नाही, झुकतं.

पण कापायला देण्याआधी ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बघा. शीट हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिलं की एका दिशेने ते सहज वळतं, दुसऱ्या दिशेने अडून राहतं. सहज वळताना जी वळणाची रेघ असते, तीच ग्रेनची दिशा. घडी ग्रेनच्या समांतर यायला हवी. वर सांगितलेल्या मांडणीत घडी शीटच्या लांब बाजूला समांतर येते, म्हणून ग्रेन लांबीचा असलेलंच शीट घ्या. उलट ग्रेनवर घडी घातली की कडेला कागद फाटल्यासारखा पांढरा तडा दिसतो, आणि गडद लाल, गेरू, मोरपंखी रंगांत तर तो लांबून ओरडतो. तयार ए-फोर पॅकमध्ये ग्रेन बहुधा लांबीचाच असतो. ते अर्धं कापून घडी घातली की आपोआप जमतं.

घडीसाठी रेघ मारणं हे या कामातलं सर्वांत दुर्लक्षित पाऊल. स्कोअरिंग बोर्ड (घडीच्या रेघांसाठी खाचा असलेली पाटी) असेल तर उत्तम, नसेल तर जाड वर्तमानपत्राच्या गादीवर स्टीलची पट्टी ठेवून रिफिल संपलेलं बॉलपेन चालतं. १०५ मिमीवर खूण करा, एकदा हलक्या हाताने, दुसऱ्यांदा दाबून. ओरखडा नको, खळगा हवा. कागद उलटा केला की खळग्याच्या मागे बारीक उंचवटा दिसतो. तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक जण खळग्याकडे घडी घालतात, कारण हाताला तेच सोपं वाटतं. पण तसं केलं की बाहेरचे तंतू ताणले जातात आणि रेघ मारूनही तडा जातो. घडी घातल्यावर फोल्डरने वरून दाबताना मध्ये टाकाऊ कागद ठेवा, नाहीतर गडद कार्डावर चमकदार पट्टा उमटतो.

पुढच्या पॅनेलचं माप ९५ × १३८ मिमी ठेवलं की चारही बाजूंनी पाच मिमी काठ सुटतो. १६०-१८० जीएसएमच्या एका ए-फोरमधून चार पॅनेल निघतात, म्हणजे पन्नासांना तेरा कागद. चिकटवायला सहा मिमीचा डबल टेप, चारही कडांना मिळून एका कार्डाला सुमारे ४४ सेंमी, पन्नासांना २२ मीटर. टेप घेताना रोलच्या जाडीकडे नाही, त्यावर छापलेल्या मीटरकडे बघा. पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. तो मोठ्या पृष्ठभागावर फासला की कागद ओल पिऊन लाटा धरतो, विशेषतः पातळ टिश्यू आणि हातकागदावर. गोंद बिंदूंपुरताच वापरा: मोती, कंदिलाची शेपूट, कागदी पाकळ्या. आतला मजकुराचा कागद १०० जीएसएमचा, १४३ × २०० मिमी, मध्ये दुमडून फक्त घडीलगत, मागच्या बाजूने एका पट्टीने चिकटवा. दोन्ही बाजूंना चिकटवला तर कार्ड उघडताना तो ताणला जातो.

वारलीचं कार्ड करायचं असेल तर, आणि ठाणे-पालघरच्या माणसाने ते एकदा तरी करावंच, हीट गन कामी येते. गेरू रंगाच्या कार्डावर पांढरी एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठावदार होणारी) भिंतीवरच्या तांदळाच्या पिठाची आठवण करून देते. आधी कापडाच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर घेऊन कार्डावर हलके थोपटा, नाहीतर दमट कागदावर पांढरे कण सगळीकडे चिकटतात आणि तारपा नाचाच्या गोलाभोवती चांदण्या पडतात. पंखा बंद. ठसा उमटवा, पावडर ओता, उरलेली कागदाच्या घडीतून डबीत परत. पावडरचा कण नको असलेल्या जागी दिसला तर कोरड्या बारीक ब्रशने झटका. मग गन पाच-सात सेंमीवरून, सतत हलवत. पावडर दाणेदार, मग ओलसर, मग एकदम चकचकीत दिसते, आणि तिथेच थांबायचं. आणखी दोन-तीन सेकंद दिले तर पावडर कागदात शिरते, तेलकट डाग राहतो. डब्यातून काढून दिवसभर उघड्यावर पडलेला कागद गनखाली वळतो आणि कधी बुडबुडे येतात, म्हणून खेपेपुरताच कागद काढा. हे सगळं करताना ट्रॉली उजव्या हाताला आणि तिच्या वरच्या टोपलीत फक्त शाई, पावडर, ब्रश. पावडरची डबी बोर्डावरच्या टांगत्या डबीत ठेवू नका, एकदा कलंडली की भोकाभोकांतून भिंतीमागे जाते.

लिफाफे सी-सिक्स मापाचे, ११४ × १६२ मिमी, पन्नासांना पंचावन्न. पोस्टाने जाणाऱ्या कार्डांवर फोम टेपचे थर आणि कुंदन टाळा. शिक्का बसताना ते आतून लिफाफा फाडतात. हातोहात द्यायच्या कार्डांवर हवं ते करा.

खरेदीच्या वेळेबद्दल. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येते, आणि पावसात घेऊन ठेवलेला कागद बिघडतो, तेव्हा पितृपक्षाचा पंधरवडा सोयीचा. लोक मोठी खरेदी टाळतात, ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या आणि वाशीच्या स्टेशनरीवाल्यांना कापून द्यायला वेळ असतो. मोठी खेप असेल तर मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटला जावं.

तुलना करायची तर बाजारातली चार खणांची प्लास्टिक ट्रॉली कागदासाठी जास्त बरी: तळ बंद, खण बंद, गंज नाही. पण खण पूर्ण भरला की सरकताना अडतो, चुंबक लागत नाही आणि गरम गन ठेवता येत नाही. टिकल्या-मोत्यांचं काम जास्त असेल तर ती घ्या. शाई, ठसे, हीट गन, पंच असं काम असेल तर रोस्कोग. बारा इंची स्क्रॅपबुक कागद वापरणाऱ्यांनी एक नमुना सोबत नेऊन दुकानातच टोपलीत आडवा ठेवून बघावा. ३०.५ सेंमीच्या कागदाला ३५ सेंमी बाहेरच्या मापात मोकळीक उरत नाही. स्कोडिसला पर्याय प्लायवुडच्या दुकानातला भोकांचा हार्डबोर्ड. तो स्वस्त पडतो, पण मागे चौकट ठोकावी लागते आणि हुक बेताचे मिळतात.

महिन्यातून एकदा ट्रॉली रिकामी करून स्क्रू पुन्हा आवळा, ढकलण्याने ते सैल होतात. जोडणीचा पाना तळाच्या टोपलीखाली मास्किंग टेपने चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीत शोधावा लागणार नाही.